आमची दोन एकर बाग म्हणजे एक ठिपका! मग कॉलेजच्या उपग्रहाचा उपयोग काय?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. त्यांच्या कॉलेजात मुलांनी मिळून एक छोटा उपग्रह बनवायला घेतलाय. लांबी, रुंदी, उंची सगळं १० सेंटिमीटर. तो वरून जमिनीचे फोटो काढणार, आणि पोरगी त्या कॅमेऱ्याच्या गटात आहे. दिवाळीला चार दिवस घरी आली होती. इकडे फळछाटणी झालेली, द्राक्षावरच्या डावणी रोगाच्या भीतीने आमची फवारणीची धावपळ, आणि ही रात्री दोन-दोनपर्यंत लॅपटॉपसमोर. मी सहज विचारलं, "ह्यातून आपली बाग दिसेल का गं?" ती म्हणाली, "दिसेल की बाबा. एक ठिपका दिसेल."

मग तिने वहीवर काढून दाखवलं. त्यांच्या फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवर ९० मीटर बाय ९० मीटर. म्हणजे ८१०० चौरस मीटर. एकर ४०४७ चौरस मीटरचा. आमची बाग दोन एकर. अख्खी बाग, विहीर, शेड, सगळं एका ठिपक्यात.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. मोबाइलवर बघितलं तर बागेतली ओळ न् ओळ दिसते. मग तीस-पस्तीस मुलांनी तीन-चार वर्षं झिजून एका ठिपक्याचा उपग्रह का करायचा? मागच्या सेमिस्टरला तिचे मार्क पण घसरलेत. मला टोमणा मारायचा नाही, खरंच समजून घ्यायचंय. ह्या क्षेत्रातलं कोणी असेल तर सांगा.

पारिजातक

छान प्रश्न. वाचतेय. आणि लेकीचं कौतुक, बाबांना वहीवर काढून समजावलंन म्हणून.

सोल्डरगन

कृष्णाकाठ, मी कॉलेजात असताना अशाच एका टीममध्ये तीन वर्षं होतो, म्हणून लिहितो.

९० मीटर ऐकून वाईट वाटून घेऊ नका. भारतातला पहिला पिकोउपग्रह स्टडसॅट, त्याचा कॅमेराही साधारण ९० मीटरचाच होता. बंगळुरू आणि हैदराबादच्या सात इंजिनियरिंग कॉलेजांच्या मुलांनी तो केला. वजन एक किलोच्या आत. १२ जुलै २०१० ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी१५ रॉकेटमधून कार्टोसॅट-२बी बरोबर गेला. पुढच्याच वर्षी, १२ ऑक्टोबर २०११ ला, आयआयटी कानपूरचा जुगनू गेला. तो ३ किलोचा आणि अवरक्त प्रकाशात फोटो काढणारा.

आता ९० मीटरच का? भिंगामुळे. भिंग जितकं लहान, तितका फोटो धूसर, आणि हे निसर्गाचंच बंधन आहे. ५०० किलोमीटरवरून एक सेंटिमीटर व्यासाच्या भिंगातून बघितलं, तर कितीही भारी कॅमेरा लावा, ३०-३५ मीटरपेक्षा बारीक काही वेगळं ओळखू येत नाही. मोठं भिंग लावायचं म्हटलं तर डब्यात जागा नसते. त्याच १० सेंटिमीटरच्या डब्यात बॅटरी, रेडिओ, कॉम्प्युटर, सगळं कोंबायचं असतं. शिवाय उपग्रह जमिनीच्या हिशेबाने सेकंदाला सात किलोमीटर पळतोय. शटर सेकंदाच्या शंभराव्या भागापुरतं उघडं ठेवलं तरी तेवढ्यात तो ७० मीटर पुढे. म्हणजे नुसत्या हलण्याने पाऊण ठिपका फिसकटला. तुमची मुलगी रात्री दोनपर्यंत बहुतेक ह्याच्याशीच झटत असणार.

बांधावरून

मी थोडं विरोधात बोलतो. उसाच्या आणि सोयाबीनच्या शेतांचे उपग्रह-नकाशे वाचून शेतकऱ्यांना सल्ला देणं हे माझं रोजचं काम आहे. आमच्याकडे युरोपच्या सेंटिनेल-२ चे फोटो येतात. १० मीटरचा ठिपका, दर पाच दिवसांनी, फुकट. कृष्णाकाठांच्या दोन एकरात त्याचे ८० ठिपके बसतात. बागेचा कुठला कोपरा सुकतोय ते त्यात कळतं. अमेरिकेचा लँडसॅट आहे, ३० मीटरचा, तोही फुकट.

अशा वेळी ९० मीटरचा, वर्षभर चालेल की नाही याचा भरवसा नसलेला उपग्रह पाठवून शेतकऱ्याच्या हाती काय पडतं? मुलांनी शिकावं, जरूर शिकावं. पण "आमचा उपग्रह शेतकऱ्यांना मदत करेल" असं माहितीपत्रकात छापलेलं बघितलं की मला राग येतो. शेतकऱ्याचं नाव घेतलं की टाळ्या मिळतात, मग त्या शेतकऱ्याला कोणी विचारत नाही.

कांदेपोहे

एका ठिपक्यात अख्खी बाग म्हणजे बांधाचा वादच मिटला की! आमच्या भाऊबंदांना हाच फोटो दाखवायला पाहिजे.

गच्चीवरचा_रेडिओ

मी हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओवाला, लायसन्स घेऊन वीसेक वर्षं झाली. फोटो काढण्यापेक्षा तो खाली आणणं जास्त जिकिरीचं. त्याबद्दल सांगतो.

समजा ६४० बाय ४८० ठिपक्यांचा काळापांढरा फोटो आहे. ९० मीटरच्या हिशेबाने त्यात ५७ बाय ४३ किलोमीटरचा पट्टा येतो, म्हणजे सांगली आणि कोल्हापूर एकाच फोटोत. तो कॉम्प्रेस न करता पाठवायचा तर साधारण साडेचोवीस लाख बिट. असल्या उपग्रहांचा रेडिओ बहुधा सेकंदाला ९६०० बिट पाठवतो. म्हणजे एका फोटोला सव्वाचार मिनिटं. रंगीत हवा तर त्याच्या तिप्पट, पावणेतेरा मिनिटं. आणि उपग्रह आपल्या डोक्यावरून जातो तेव्हा या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत फार तर दहा-अकरा मिनिटं. त्यातली दोन मिनिटं शेजारच्या बिल्डिंगमागे जातात. रेडिओ १२०० बिटांचा असेल तर तोच काळापांढरा फोटो ३४ मिनिटांचा होतो. म्हणजे आज थोडा, उद्या थोडा असे तुकडे जोडायचे.

त्यात सिग्नल एका जागी थांबत नाही. ४३७ मेगाहर्ट्झला उपग्रह जवळ येताना वारंवारता १० किलोहर्ट्झने चढलेली असते, लांब जाताना तेवढीच उतरलेली. एका हातात अँटेना, दुसऱ्या हाताने रेडिओची खुंटी फिरवत राहायचं. आता हे कॉम्प्युटर करतो, पण हाताने केल्याशिवाय त्यातली गंमत कळत नाही.

जून २००३ मध्ये टोकियो विद्यापीठाने साय-४ नावाचा एक किलोचा उपग्रह रशियातून सोडला. या १० सेंटिमीटरच्या डब्यांच्या पहिल्या तुकडीतला तो. त्याने पृथ्वीचे फोटो पाठवले, आणि वीस वर्षं उलटली तरी त्याचा मोर्समधला बीकन, म्हणजे ओळखीचा सिग्नल, जगभरचे हॅम ऐकत होते. मीही एका पहाटे गच्चीवर ऐकलाय. अगदी बारीक आवाज, वरून खाली घसरत गेलेला. विद्यार्थ्यांच्या हातचं यंत्र आहे, आणि अजून बोलतंय! अंगावर काटा आला होता.

पारिजातक

रेडिओकाका, प्रतिसाद फार आवडला. हा १० सेंटिमीटरचाच डबा का पण? कोणी ठरवलं?

सोल्डरगन

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी, जॉर्डी पुइग-सुआरी आणि बॉब ट्विग्ज. विद्यार्थ्यांना शिकता शिकता पुरा होईल एवढा उपग्रह हवा होता. ट्विग्ज दुकानात गेले आणि बीनी बेबीज या कापडी बाहुल्या ज्या प्लॅस्टिकच्या डबीत मिळतात, ती उचलून आणली. त्यावरून माप ठरलं. माप ठरल्यामुळे सोडायची पेटीही सगळ्यांना एकच चालते, म्हणून रॉकेटवाल्यांचा खर्च आणि धास्ती दोन्ही कमी झाली.

ढगाळ

मी कोल्हापूरची. ऑगस्ट २०१९ चा पूर घरात शिरलेला बघितलाय. त्यामुळे माझा प्रश्न वेगळा आहे. पुरात पाणी कुठवर पसरलंय हे बघायला तरी ९० मीटर पुरेल ना? पाणी काही दोन एकरात थांबत नाही.

बांधावरून

@ढगाळ, ठिपक्याच्या हिशेबाने पुरेल. पंचगंगेचं पाणी तेव्हा जेवढं पसरलं होतं ते ९० मीटरलाही स्वच्छ दिसलं असतं. पण तुमच्या नावातच उत्तर आहे. पूर येतो तेव्हा वर ढग असतात, आणि साधा कॅमेरा ढगच बघतो. तिथे रडार लागतं. सेंटिनेल-१ आहे, आणि आता इस्रो-नासाचा निसार आहे, ३० जुलै २०२५ ला गेलेला. रडारला वीज खूप लागते. या छोट्या डब्यात ती आणायची कुठून?

सोल्डरगन

विजेचा हिशेब बरोबर. १० सेंटिमीटरच्या एका बाजूवर ऊन पडतं साधारण साडेतेरा वॅट. सोलर सेल चांगला असला तरी त्यातले तीसेक टक्केच हाती येतात, आणि सगळी बाजू सेलने झाकता येत नाही. मग उरतात दोन-अडीच वॅट. त्यातून दर प्रदक्षिणेला तिसरा हिस्सा वेळ अंधार. घरातल्या रात्रीच्या दिव्याएवढ्या विजेत कॉम्प्युटर, रेडिओ, कॅमेरा सगळ्यांचा संसार.

पण बांधावरून, तुमच्या पहिल्या प्रतिसादाला उत्तर द्यायचं राहिलं. मुलं नेमकं काय शिकतात?

आमच्या उपग्रहाचं मॉडेल कंपन-चाचणीला नेलं होतं. रॉकेट जसं हादरतं तसं टेबल हादरवतात. चाचणी झाली, सगळे आकडे ठीक. एका ज्युनियरने डबा कानाशी धरून हलवला आणि म्हणाला, "आत काहीतरी वाजतंय." आम्ही त्याला गप्प केलं. त्याने ऐकलं नाही, उघडायलाच लावलं. आत एम-२ चा एक स्क्रू, तांदळाच्या दाण्याएवढा, सुटून बॅटरीच्या बोर्डावर पडलेला. स्क्रूला लावायचा चिकट द्राव त्या एका भोकात लावायचा राहिला होता. यादीवर टिकमार्क मात्र होती, आणि ती मी केलेली. वर गेल्यावर तो स्क्रू तरंगत कुठे टेकला असता तर खेळ खलास.

त्या दिवसापासून मी न बघता टिकमार्क करत नाही. आज बारा वर्षं नोकरीत आहे, हीच सवय माझी भाकरी आहे. चार वर्षांच्या पुस्तकात ही मिळाली नाही. सेंटिनेलचे फोटो उतरवून तर मिळालीच नसती.

परदेशस्थ_वऱ्हाडी

धाग्याचा विषय माझ्या गावचाच निघाला. मी गिल्डफर्डला राहतो, इथलं सरे विद्यापीठ म्हणजे या सगळ्याच्या आजोबांचं घर.

६ ऑक्टोबर १९८१ ला त्यांचा यूओसॅट-१ गेला, पन्नासेक किलोचा, मार्टिन स्वीटिंग आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत बनवलेला. त्यावर पृथ्वीचे फोटो काढणारा सीसीडी कॅमेरा होता, त्या काळात! एप्रिल १९८२ मध्ये एका चुकीने त्याचे दोन्ही ट्रान्समीटर एकदम चालू झाले. त्याच्या स्वतःच्याच आवाजात त्याला जमिनीवरचा हुकूम ऐकू येईना. बडबड्या माणसाला हाक मारावी तसं. पाच महिने असेच गेले. शेवटी सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डची ४६ मीटर व्यासाची प्रचंड तबकडी वापरून इतक्या मोठ्या आवाजात हुकूम सोडला की त्याला तो ऐकावाच लागला. पुढे तो १९८९ पर्यंत फिरत होता.

१९८५ मध्ये त्यातूनच कंपनी निघाली, आणि जगभरच्या देशांना पृथ्वी-निरीक्षणाचे उपग्रह बनवून देऊ लागली. अल्जीरियाचा अलसॅट-१बी त्यांनीच त्या देशाच्या इंजिनियरांबरोबर केला. तो कुठून उडाला? श्रीहरिकोट्याहून, २६ सप्टेंबर २०१६, पीएसएलव्ही-सी३५. आणि त्याच रॉकेटमध्ये आपल्या आयआयटी मुंबईचा प्रथम आणि बंगळुरूच्या पीईएस विद्यापीठाचा पायसॅट होते. आजोबा आणि नातवंडं एकाच गाडीत बसून गेले म्हणा ना.

मधली_सुट्टी

वऱ्हाडीभाऊ, काय सुंदर जोडलंत! मी त्या सकाळी वर्गात टीव्ही लावला होता. सव्वानऊला उड्डाण झालं, आणि सगळे उपग्रह सुटेपर्यंत सव्वादोन तास. पीएसएलव्हीने एकाच फेरीत दोन वेगळ्या कक्षांत उपग्रह सोडायची ती पहिली वेळ. मधल्या सुट्टीत मुलं डबे घेऊन टीव्हीसमोर.

प्रथम १० किलोचा, पण तो फोटो काढणारा नाही, आयनोस्फिअर म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातले इलेक्ट्रॉन मोजणारा. पायसॅट मात्र सव्वापाच किलोचा आणि कॅमेऱ्याचा. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्याच्या सीओईपी इंजिनियरिंग कॉलेजचा स्वयम् गेला होता, एक किलोचा, हॅम लोकांचे निरोप पोचवणारा. त्याला दिशा धरायला मोटर नाही की काही नाही, आत एक चुंबक, होकायंत्रासारखा. स्वयम् २००८ ला सुरू झाला, प्रथम २००७ ला. म्हणजे ज्यांनी आराखडा काढला त्यांनी उड्डाण बघितलं ते नोकरीला लागून बऱ्याच वर्षांनी. पुढच्या मुलांच्या हाती वही देऊन जाणं हे मला फार मोठं वाटतं.

आणि प्रथमच्या मुलांनी दुसऱ्या कॉलेजांना सिग्नल पकडायची केंद्रं उभारायला मदत केली होती. एक उपग्रह, आणि त्याच्यासाठी गच्च्यांवर अँटेना लावणारी कितीतरी मुलं.

कांदेपोहे

अवांतर : प्रथम, स्वयम्, जुगनू... नावं किती गोड आहेत. कृष्णाकाठ, तुमच्या मुलीच्या उपग्रहाचं नाव काय?

कृष्णाकाठ

अजून ठरलेलं नाही म्हणते. त्यावरून दोन गट पडलेत!

सगळ्यांचे प्रतिसाद तिला पाठवलेत. सोल्डरगन, तुमचा स्क्रू वाचून ती म्हणाली, "बाबा, आमचा पण एक वाजला होता."

बांधावरून

सोल्डरगन आणि वऱ्हाडी, दोघांचं पटलं. माझा राग उपग्रहावर नाही, जाहिरातीवर आहे, तो तसाच राहील. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या नूरुल इस्लाम विद्यापीठाचा निउसॅट २३ जून २०१७ ला गेला, तो १५ किलोचा होता आणि पिकं आणि आपत्ती हेच त्याचं काम ठरलेलं होतं. तेवढ्या वजनाला ते बोलणं शोभतं. एक किलोच्या डब्याने "आम्ही शिकतोय" म्हणावं, ते पुरेसं अभिमानाचं आहे. आणि बिघडलं तर काय बिघडलं ते लिहून सगळ्यांना वाचायला ठेवावं. एका कॉलेजात मी व्याख्यानाला गेलो होतो, तिथे आधीच्या बॅचचा एक कागद नव्या मुलांकडे नव्हता. सगळं पहिल्यापासून. त्या मुलांचे चेहरे बघवत नव्हते.

कृष्णाकाठ, मुलीला एक काम सुचवतो. तुमच्या भागाचा सेंटिनेलचा फोटो घ्यायला सांगा आणि नऊ बाय नऊ ठिपक्यांच्या चौकोनाची सरासरी काढून तो ९० मीटरचा करायला सांगा. म्हणजे उडायच्या आधीच तिला तिचा कॅमेरा काय बघणार ते दिसेल.

सोल्डरगन

+१. ह्यात दिशेची चूकही घालून बघायला सांगा. ५०० किलोमीटरवरून एक अंश मान वळली तर फोटो पावणेनऊ किलोमीटर सरकतो. पाच अंश वळली तर सांगलीऐवजी भलताच तालुका.

पारिजातक

आणि मार्कांचं? त्यावर कोणीच बोललं नाही. आई म्हणून विचारते.

सोल्डरगन

माझेही घसरले होते, ताई. एक विषय राहिला, तो पुढे काढला. टीममध्ये आम्ही नियम केला, परीक्षेच्या आधी तीन आठवडे प्रयोगशाळेला कुलूप. किल्ली सरांकडे. तो सगळ्यांनी पाळला. कृष्णाकाठ, मुलीला एवढं विचाराच.

कृष्णाकाठ

मंडळी, आठवड्याने येतोय. उशिराबद्दल माफी, डावणीने दमवलं.

मुलगी शनिवार-रविवार येऊन गेली. बांधावरून, तुम्ही सांगितलेलं तिने केलं. दोन फोटो छापून आणले, एक १० मीटरचा, एक ९० चा. मी आधी दुसऱ्याच फोटोकडे बघत बसलो. घर नाही, रस्ता नाही, काही नाही. मग कृष्णा दिसली. वळणं घेत गेलेली काळी रेघ. तिच्या दोन्ही अंगांना उसाचा गडद पट्टा, आणि आमच्या बाजूला जसजसं नदीपासून लांब जावं तसतसा फिकट होत गेलेला माळ. माझ्या आजोबांनी नदीपासून लांबची जमीन स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. का स्वस्त होती ते त्या फोटोत दिसत होतं. आमचा ठिपका तिने पेनाने गोल करून आणला होता. शेजारच्या ठिपक्यांपेक्षा जरासा गडद. ठिबकचं पाणी आहे ते.

कुलुपाचा नियम तिला पटलाय, टीमसमोर मांडते म्हणाली. मार्कांचं बघू.

आता तिला घराच्या गच्चीवर अँटेना उभी करायची आहे. बागेच्या मंडपाचे जुने वाय अँगल पडून आहेत, त्यातला एक सरळ करून दिला. रेडिओकाका, दांडीच्या आडव्या काड्यांना काय वापरू? बाजारात तयार अँटेना महाग पडते.

गच्चीवरचा_रेडिओ

स्टीलची मेजरिंग टेप आणा, साधी, सुताराकडची. ४३७ मेगाहर्ट्झला काडी साधारण ३४ सेंटिमीटरची येते. टेप कापा, टोकं घासून घ्या, हाताला लागतात. पीव्हीसी पाइपवर क्लॅम्पने बसवा. नेमकी मापं आणि अंतरं काढून मी उद्या टाकतो. मुलीच्या उपग्रहावरची अँटेनाही बहुधा टेपचीच असेल, विचारा तिला. घडी घालून दोऱ्याने बांधतात, वर गेल्यावर तार तापवून दोरा वितळवतात, की टेप आपोआप ताठ होते. वर टेप, खाली टेप.

हॅमची परीक्षा द्यायला सांगा तिला, अभ्यासाला मी मदत करेन. आणि एक महत्त्वाचं : त्या अँगलला जाड तारेने अर्थिंग करा, वेगळा खड्डा घेऊन. तुमच्याकडे वळीव विजा घेऊन येतो. पाऊस दिसला की केबल काढून बाहेर टाकायची, विसरायचं नाही.

कृष्णाकाठ

खड्डा उद्याच घेतो. कोळसा-मीठ घालून ना?

गच्चीवरचा_रेडिओ

हो. आणि पाणी घालत राहा.